हिटर आता नीट गरम फेकतो

विनिपेग (कॅनडा), रविवार रात्र

ती. बाबा आणि आई, नमस्कार.

त्या दिवशी फोनवर आई फार घाबरली ना, म्हणून आज छकुली झोपल्यावर नीट बसून लिहून राहिलो. आई, तू पहिले एवढंच वाच, गाडीचा हिटर ठीक झाला आहे, काल छकुलीनं कारसीटमध्ये बसल्या बसल्या मोजे काढून फेकले इतकं गरम होतं. आता बाकीचं बाबांसाठी, कारण बाबा तुम्ही तीनदा विचारलं की नेमकं बिघडलं काय होतं आणि मी तिन्ही वेळा "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला.

गाडी २००३ ची पिकअप आहे, व्हिडिओवर तुम्ही पाहिलीच. इथं जानेवारीत सकाळी मायनस २५, मायनस ३० म्हणजे रोजचंच. २०१८ मध्ये २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ वर आला होता, आठवते ना, आपण अंगणात शेकोटी करून बसलो होतो आणि आई म्हणत होती जन्मात अशी थंडी पाहिली नाही. त्याच्याही खाली अजून तीस डिग्री धरा. अशात हिटर म्हणजे चैन नाही, काच दिसण्याचा प्रश्न असतो. आपल्या श्वासाची वाफ काचेवर बसते आणि आतूनच बर्फ धरतो. सिग्नलला थांबलो की मी जुन्या एटीएम कार्डानं आतून काच खरवडायचो, तो पांढरा चुरा मांडीवर पडायचा आणि तिथं वितळायचा पण नाही, तसाच पडून राहायचा. आणि छकुलीला कारसीटमध्ये जाड जॅकेट घालून बसवता येत नाही, कारण धडक झाली की जॅकेटचा कापूस दबतो आणि पट्टा ढिला पडतो. म्हणजे पातळ कपड्यात बसवायचं आणि वरून पांघरूण घालायचं. तिचे गाल लाल झालेले पाहिले की मला गाडी चालवणं नको व्हायचं.

लक्षण असं होतं की पंखा जोरात चालायचा पण हवा कोमट. हायवेवर थोडी गरम यायची, सिग्नलला उभं राहिलो की थंडगार. एका गॅरेजवाल्यानं गाडीकडे धड न बघता सांगितलं थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी तापेस्तोवर त्याला थंड व्हायला जाऊ न देणारा पुर्जा) गेला, बदलून दिला, पैसे घेतले, आणि घरी येईस्तोवर हवा तशीच्या तशी. मला फार राग आला, कारण तेवढ्या पैशात महिन्याचा किराणा येतो. नंतर डोकं शांत झाल्यावर विचार केला. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिनच तापत नाही, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खालीच राहतो, त्यात हायवेवर थंड हवा लागली की अजून खाली येतो. माझा काटा तर पहिल्यापासून दहा मिनिटांत मध्यावर येऊन ठाण मांडून बसत होता. म्हणजे इंजिन गरम आहे, पण ती गर्मी माझ्यापर्यंत पोचत नाहीये.

तेव्हा मला चिखलदऱ्याचा घाट आठवला. मे महिना होता, काकांच्या गाडीचा काटा लालवर गेला आणि काकांनी सगळ्या काचा उघडून हिटर फुल लावला होता, आम्ही पोरं मागे ओरडत होतो आणि काका म्हणाले इंजिनची गर्मी इकडून काढून टाकतो. तेव्हा काही कळलं नव्हतं. हिटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो, म्हणजे बारीक नळ्यांची जाळी, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरते आणि पंखा त्याच्यावरून हवा फेकतो. बस इतकंच. म्हणजे बाबा, हा आपला कूलरच झाला, फक्त उलटा. आणि कूलर गार हवा देत नसला की तुम्ही काय करायचे? पंख्याला हात नाही लावायचे, आधी टाक्यात पाणी किती ते बघायचे, मग टिल्लू पंप पाणी वर चढवते का, आणि मग वरच्या ट्रेची भोकं. अर्धी भोकं बोअरच्या पाण्याच्या क्षारानं बुजलेली असायची आणि तितकी ताटी कोरडी राहायची, आणि तुम्ही सायकलची तार घेऊन एक एक भोक मोकळं करायचे, मी खाली स्टूल धरून उभा.

तर मी त्याच क्रमानं गेलो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पुढच्या मोठ्या रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम असताना कधीच उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजते), पाणी थोडंसंच कमी होतं. मग नॉब गरमवरून थंडवर, थंडवरून गरमवर फिरवला आणि डॅशबोर्डला कान लावला, आत हवेची झडप "ठक" करून फिरल्याचा आवाज आला, म्हणजे झडप शाबूत. मग इंजिन तापवून बोनेट उघडलं. इंजिन आणि केबिनच्या मध्ये जी पत्र्याची भिंत असते तिथून दोन रबरी पाईप आत जातात, एकातून पाणी आत जाते, दुसऱ्यातून परत येते. हातमोजा काढून पहिल्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं, चटका बसला. दुसऱ्याला पूर्ण मूठ धरली तरी धरून ठेवता येत होती, कोमट, छकुलीच्या दुधाच्या बाटलीसारखी. बाबा, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की बर्फात एकटाच उभा राहून हसलो. दोन्ही पाईप गरम असते तर झडप बिघडली म्हणायची, दोन्ही कोमट तर थर्मोस्टॅट नाहीतर पाणी कमी, पण एक चटका देणारा आणि एक कोमट म्हणजे मधला रेडिएटर बुजलेला आहे, पाणी पुढं सरकत नाही. कूलरचीच भोकं!

शनिवारी एका मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी नेली कारण उघड्यावर या दिवसात पाईप काढणं शक्यच नाही, बाहेरचे नळ सगळे बंद असतात. दोन्ही पाईप सोडले, खाली तसराळं ठेवून जुनं कूलंट (इंजिनमध्ये फिरणाऱ्या पाण्यात ते गोठू नये म्हणून मिसळलेलं रसायन) पाण्यासकट सगळं गोळा केलं. हे फार सांभाळावं लागते, ते चवीला गोड असते, कुत्रं-मांजर चाटते आणि मरते, म्हणून डब्यात भरून असा कचरा घेणाऱ्या डेपोत द्यायचं, गटारात नाही सोडायचं. मग बागेचा पाईप जिकडून पाणी बाहेर येते तिकडून लावला, म्हणजे उलटं पाणी, आणि नळ अगदी हळू सोडला कारण इतक्या वर्षांचा रेडिएटर जोर लावला तर फुटतो आणि तो बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पहिले काहीच आलं नाही, मग एकदम तपकिरी गाळ, विटेच्या भुकटीसारखा, आणि त्यात चमकणारे बारीक कण. मित्र म्हणाला आधीच्या मालकानं लिकेज बंद करायची पावडर टाकली असेल, ती भोक तर बुजवते पण सोबत हा छोटा रेडिएटर पण बुजवते. मला पण तेच वाटते. पंधरावीस मिनिटं एकदा इकडून, एकदा तिकडून पाणी सोडलं तेव्हा कुठं स्वच्छ आलं.

नवीन कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं भरलं. असं मिसळलं की मायनस ३७ पर्यंत गोठत नाही. मला आधी वाटायचं थंडी जास्त म्हणजे कूलंटही जास्त टाकावं, पण नुसतं कूलंट मायनस १३ लाच गोठते, पाण्यासोबतच ते काम करते. नळाचं पाणी मुद्दाम टाळलं, कारण क्षार काय करतात ते मी लहानपणापासून कूलरमध्ये बघितलं आहे. मग पुढची चाकं रॅम्पवर चढवली, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, हिटर फुल गरमवर, आणि आत अडकलेली हवा बुडबुड करत वर येऊ दिली. दोनदा पाणी खाली गेलं, दोनदा भरलं. हे नाही केलं तर एवढी मेहनत वाया जाते, हवेचा गोळा त्या छोट्या रेडिएटरमध्येच जाऊन बसतो.

धुण्याआधी मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर हवेच्या जाळीत खोचून बघितलं होतं, २३ डिग्री. धुतल्यावर ५१! दोन्ही पाईप आता हात लावू देत नाहीत.

जुना रेडिएटर आहे, कधीतरी गळेल, ते मी धरून चाललो आहे. गळला तर गाडीत गोड वास येतो, काचेवर तेलकट धुकं धरते आणि बाजूच्या सीटखालची मॅट ओली होते. मी रोज ती मॅट चाचपून बघतो. आताच नवीन नाही टाकत, उन्हाळ्यात दोन दिवस सुट्टी काढून करीन.

आई, गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, मेणबत्त्या सगळं ठेवलं आहे आणि तू पाठवलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा पण तिथंच आहे, अर्धा छकुलीनं संपवला. बाबा, मार्चमध्ये कूलर माळ्यावरून एकट्यानं उतरवू नका, दादा येईस्तोवर थांबा, तुमच्या पाठीची मला काळजी वाटते. ताट्या दादा बदलेल, तुम्ही फक्त खुर्चीवर बसून त्याला भोकं दाखवा.

आता खाली जाऊन गाडीची वायर प्लगमध्ये लावून येतो. इथं रात्रभर इंजिन गरम राहावं म्हणून त्यात आपल्या बादलीतल्या रॉडसारखा रॉड असतो, पुढून वायर लोंबत असते. आज रात्री मायनस ३१ सांगितलं आहे.

तुमचा धाकटा

ता. क. काकांना विचारा, त्या दिवशी घाटात हिटर लावल्यावर काटा किती वेळात खाली आला होता. मला फक्त आमचं ओरडणंच आठवते.