उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

ऊस हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर गगनबावडा रोडला बाईक चालवायची म्हणजे जीव मुठीत धरूनच, कारण पुढं उसाची डबल ट्रॉली असते आणि तिला मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, पार जवळ गेल्यावरच कळतं. साधा आरसा तिरका पडलेला लाईट भलतीकडंच फेकतो, पण रिफ्लेक्टरच्या पट्टीत बारीक काचेचे मणी नाहीतर प्रिझम असतात, त्यामुळं उजेड थोडा तिरका आला तरी आल्या वाटेनंच परत फिरतो, म्हणजे आपल्याच हेडलाईटचा उजेड आपल्याला दिसतो, बॅटरी नको की वायर नको! मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, एवढंच लागतं. काही ट्रॉल्यांना पट्टी असते पण तिच्यावर चिखल बसलेला नाहीतर वरून वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, लोंबतंय, असून नसल्यासारखीच. फडातनं रोडला लागताना नुसतं ओलं फडकं मारलं तरी चमकेल की. कारखान्यांनी वजनकाट्यावरच ट्रॉली बघावी आणि पट्टी नसेल तर तिथंच चिकटवून द्यावी, ड्रायव्हरना दंड नको, ती माणसं पण रात्रभर जागी असतात.

– एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर