कथावाचन : रविवारी जुना दिवाळी अंक घेऊन या

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्या खोलीत कथावाचन आहे. सुरुवात हरिभाऊ आपट्यांच्या ‘काळ तर मोठा कठीण आला’पासून करू. दुष्काळाची ही कथा मोठ्यानं वाचताना अजूनही घसा दाटतो. पुढे दिवाकर कृष्णांची ‘अंगणातला पोपट’ (१९२२).

नंतर तुमची पाळी. ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी चांगल्या कथा अंकांत छापून आल्या आणि संग्रहात कधीच गेल्या नाहीत. त्या घरोघरी माळ्यावर पडून आहेत. मागच्या खेपेला आलेल्या एका अंकाच्या पिना गंजल्या होत्या, कसरीनं कडा खाल्ल्या होत्या. पण आतली नऊ पानांची कथा ऐकता ऐकता सगळ्यांचा चहा निवून गेला. लेखिकेचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं.

अशीच एखादी शोधून आणा. वीस मिनिटांत वाचून व्हावी, एवढीच अट. अंक फार जीर्ण असेल तर पानांचे मोबाइलवर फोटो काढून आणा, अंक घरीच जपून ठेवा. वाचणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कथेचं नाव कळवावं.