स्वस्त प्लॅन घे, पण वाचलेले पैसे खात्यात टाक

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तुझ्या कंपनीच्या आरोग्य विम्याच्या दोन्ही प्लॅनचे कागद काल जेवणं आटोपल्यावर टेबलावर पसरले आणि वही घेऊन बसले. फोनवर तू विचारलंस, "आई, स्वस्त घेऊ की महाग?" तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "महागच घे, तब्येतीत काटकसर नको." तो सल्ला मी मागे घेते आहे.

डिसेंबरअखेर माझ्या ऑफिसच्या विम्यातून तुझं नाव निघेल. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं, ती मुदत आता संपली. १ जानेवारीपासून तुझा विमा तुझा.

आता आकडे बघ. स्वस्त प्लॅनला दर पगारातून ४० डॉलर कापले जातात. वर्षाचे २६ पगार, म्हणजे १,०४० डॉलर. महाग प्लॅनला १२० डॉलर, म्हणजे वर्षाचे ३,१२०. स्वस्तात डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम, २,५०० आणि वर्षभरात तुझ्या खिशातून जास्तीत जास्त जाऊ शकतील ५,०००. महागात डिडक्टिबल ५०० आणि कमाल मर्यादा ४,०००. आपण सगळे डिडक्टिबलचा आकडा बघतो, घाबरतो आणि तिथेच ठरवून टाकतो. मीही तेच केलं. पण स्वस्त प्लॅनबरोबर तुझी कंपनी एचएसए खात्यात, म्हणजे उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यात, ७५० डॉलर घालते, ते त्या कागदावर अगदी खाली बारीक अक्षरांत आहे.

वर्षभर एकदाही आजारी पडली नाहीस, तर स्वस्त प्लॅन कंपनीचे पैसे वजा जाता २९० डॉलरला पडतो आणि महाग ३,१२० ला. आणि समज, देव न करो, मोठं ऑपरेशन झालं आणि दोन्हीकडे कमाल मर्यादा गाठली गेली. तर स्वस्तात एकूण ५,२९० आणि महागात ७,१२०. म्हणजे सगळ्यात वाईट वर्षातही महाग प्लॅन १,८३० डॉलरने जास्तच पडतो. मधला एखादा खर्च धरून पाहिला, तरी महाग कुठेच फायद्याचा ठरेना. मी तीनदा बेरीज केली. मग बाबांना करायला लावली.

असं आपल्याच बाबतीत घडतं असं नाही. भार्गव, लोवेनस्टीन आणि सिडनॉर या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या निवडी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्याहून जास्त लोकांनी असे प्लॅन घेतले होते की आजारी पडोत वा न पडोत, पैसे जास्तच जाणार. त्यातही कमी पगाराच्या लोकांकडून ही चूक जास्त झाली होती. ते वाचून मला फार वाईट वाटलं. ज्यांना एकेक डॉलर मोलाचा, तेच भीतीपोटी जास्त भरत होते.

मग मी आधी "महाग घे" का म्हणाले, तेही सांगते. कारण माझा खांदा.

तुझं कॉलेज चालू होतं तेव्हा आपण स्वस्त प्लॅनवर होतो. जानेवारीत माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली, आठवड्यातून दोनदा. डिडक्टिबल नव्याने सुरू झालेलं, त्यामुळे प्रत्येक वेळचं पूर्ण बिल आपल्याच खिशातून. दोनदा गेले आणि बंद केलं. त्यांनी दिलेला हिरवा रबरी पट्टा दाराच्या मुठीला बांधून घरीच ओढत राहिले, तोही चुकीच्या पद्धतीने, हे पुढे कळलं. एप्रिलपर्यंत हात कानाच्या वर जाईना. तू सुट्टीला आलीस तेव्हा केसांना क्लिप लावायला तुला हाक मारायचे, आठवतंय? तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "झोपेत अवघडलाय जरा." खोटं बोलले होते. ऑगस्टमध्ये शेवटी इंजेक्शन घ्यावं लागलं. अजून वरच्या फळीवरचा डबा काढायला मी स्टूल घेते.

इतकी वर्षं मी त्याचा दोष प्लॅनला दिला. काल वहीत आकडे मांडताना कळलं की एचएसए खातं आपण उघडलं होतं, पण त्यात एक डॉलरही टाकला नव्हता. प्रीमियममध्ये वाचलेले पैसे घरखर्चात मुरून गेले होते. खातं रिकामं आणि डिडक्टिबल मोठं, मग माणूस डॉक्टरकडे जायचंच टाळतो. तुझ्या बाबतीत मला भीती आहे ती एवढीच.

म्हणून स्वस्त प्लॅन घे, पण एका अटीवर. महाग प्लॅनला जे ८० डॉलर जास्त गेले असते, तेच पहिल्या पगारापासून कापून एचएसएमध्ये जातील अशी व्यवस्था कर. वर्षाचे २,०८० होतात, कंपनीचे ७५० धरून २,८३०. डिडक्टिबल त्यातच निघतं. एचएसएत पैसे टाकण्याची २०२६ साठी एकट्या माणसाची मर्यादा ४,४०० आहे, तेव्हा नियमातही बसतं. त्या पैशावर केंद्राचा आयकर लागत नाही, औषधपाण्याला काढले तरी लागत नाही आणि वर्षाअखेर उरले तर बुडत नाहीत, पुढे चालू राहतात. नोकरी बदललीस तरी खातं तुझंच. फक्त खातं लगेच उघड. उघडण्याआधी झालेला खर्च त्यातून करता येत नाही.

तुझ्या दम्याचं मात्र नीट विचारून घे. अशा प्लॅनमध्ये औषधाची पूर्ण किंमत डिडक्टिबल संपेपर्यंत आपल्याला भरावी लागते. पण २०१९ पासून आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, मुभा दिली आहे की दम्याचा रोजचा स्टेरॉइड इनहेलर कंपनी डिडक्टिबलच्या आधीपासूनच विम्यात धरू शकते. सक्ती नाही, त्यामुळे काही प्लॅन धरतात, काही नाही. प्रतिबंधक औषधांची यादी एचआरकडून मागून घे आणि तुझ्या इनहेलरचं नाव त्यात शोध. नसलं तरी वर्षाची कमाल मर्यादा ५,००० च्या वर जात नाही, फक्त पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच जातात. छातीचे डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांत, आहेत का, तेही त्यांच्या दवाखान्यात फोन करून विचार, वेबसाइटवरच्या यादीवर जाऊ नकोस. ती मर्यादा नेटवर्कमधल्या खर्चालाच लागू असते.

वार्षिक तपासणी आणि लसी दोन्ही प्लॅनमध्ये फुकट आहेत, त्या चुकवू नकोस.

राहिला जानेवारी. तेव्हा खात्यात काहीच नसणार आणि थंडीत तुझी छाती भरते हे मला ठाऊक आहे. कंपनी ते ७५० एकरकमी देते की दर पगाराला थोडे थोडे, हे विचारून कळव. तोपर्यंत मी २,५०० डॉलर बचत खात्यात वेगळे काढून ठेवले आहेत. दम लागला तर बिलाचा विचार न करता आधी डॉक्टरकडे जा, मग मला फोन कर. पावती जपून ठेव, पुढे एचएसएमध्ये पैसे साठले की त्यातून काढून मला परत दे, हवं तर.

यादी मिळाली की फोटो पाठव. बाबा आणि मी दोघं मिळून बघू.

तुझी,
आई