आमच्या हुकांवर तुमचे फोटो : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. आपल्याला लिहिण्याची ही माझी तिसरी वेळ. आधीची दोन पत्रं बंद पाकिटातून पाठवली होती. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे उघडं पत्र; निदान वाटेत कोणीतरी वाचेल.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. आपण मला ओळखत नाही, पण माझी अक्षरं आपण पाहिली आहेत. कलादालनाच्या उद्घाटनाला दारात स्वागताचा जो फलक होता, तो मी रंगवला होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आपण माईक हातात घेऊन म्हणालात, “या भिंती आजपासून तुमच्या.” वर्षभराचं वेळापत्रक दारावर लागेल, दर महिन्याला नवं प्रदर्शन येईल, महिन्यातून एकदा एखाद्या चित्रकाराचं प्रात्यक्षिक होईल, शाळकरी मुलांना भिंत विनामूल्य मिळेल, हे सगळं आपण कागद न बघता सांगितलंत. कागद न बघता बोलणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसतो. ही खोड माझी, त्यात आपला काही दोष नाही.

गेल्या महिन्यात त्या भिंतींवर माझं प्रदर्शन लागणार होतं. लागलंही होतं. अकरा तास.

अर्ज केल्यापासून तारीख हातात पडायला १४ महिने गेले. त्याबद्दल तक्रार नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या तारखेसाठी चांगले चांगले चित्रकार वर्षं मोजत बसतात, तिथे मी कोण? अनामत भरली, पावती घेतली, पत्रिका छापल्या. एकूण ४० चित्रं. त्यांतली २६ माझी, जलरंगातली. उरलेली १४ माझ्या विद्यार्थ्यांची, त्यांनी सहावी-सातवीत काढलेली, मी कपाटात कापडात गुंडाळून जपलेली. आज त्यांतला कोणी तलाठी आहे, कोणी परिचारिका, एक जण रिक्षा चालवतो. ही माणसं आपापल्या पोरांना घेऊन स्वतःचं बालपणीचं चित्र भिंतीवर बघायला येणार होती. रिक्षावाल्याने दिवसभराचा धंदा सोडून हुक ठोकले. भिंतीवरची चित्रं टांगायची मूळची पट्टी ठेकेदाराने इतकी उंच लावलीय की चित्र बघायला मान मोडावी. चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर, बघणाऱ्याच्या नजरेसमोर यावा, एवढं साधं गणित. ते कोणी विचारलंच नसणार. म्हणून नवे हुक, आणि तेही रिक्षावाल्याच्याच पैशाने.

सकाळी दहाला शेवटचं चित्र टांगलं. रात्री नऊला फोन आला.

“मॅडम, हॉल रिकामा लागणार आहे.”

“हॉल नाही, कलादालन.”

“हो, तोच. वरून आदेश आहे.”

मी विचारलं, वरून म्हणजे कुठून? तो बिचारा म्हणाला, “वरून म्हणजे वरूनच, मॅडम.”

मी पोचले तेव्हा भिंती रिकाम्या झाल्या होत्या. माझी चित्रं स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात होती. भिंतीला टेकवून उभी ठेवली असती तरी मी गप्प बसले असते. आडवी रचली होती, काचेवर काच, वखारीत फळ्या रचतात तशी. फरशी पुसणाऱ्याने बादली तिथेच ठेवलेली. खालच्या दोन चौकटींत पाणी शिरलं होतं. साहेब, तैलरंगाचं चित्र असतं तर पुसून घेतलं असतं. जलरंगाला पाणी लागलं की तो पुन्हा जिवंत होतो आणि जिथे नको तिथे पळतो. दोनांतलं एक माझं होतं, ते जाऊ दे. दुसरं त्या परिचारिकेचं. सातवीत असताना तिने पावसात उभी असलेली शाळा काढली होती. आता शाळा उरलेली नाही, फक्त पाऊस आहे. ती रात्रपाळी बदलून येणार होती. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. “काढून ठेवलंय,” एवढंच म्हटलं.

आणि माझ्या हुकांवर कोण होतं? आपण.

वाढदिवसानिमित्त आपल्या कामगिरीचं छायाचित्र प्रदर्शन. शुभेच्छा, उशिरा का होईना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. २२ फोटो. १८ फोटोंत आपण फीत कापताय, तीन फोटोंत कुदळ मारताय, एक नुसता रस्त्याचा. २२ फोटो आणि हुक ४०, म्हणजे १८ हुक मोकळे होते. मला कोणी विचारलं असतं, तर १८ चित्रं आपल्या शेजारी लावायला मी तयार झाले असते. इतकी लाचार झालेय मी, हे लिहिताना माझं मलाच कळतंय.

जाता जाता सांगते, शेवटचा फोटो, तो वरून काढलेला रस्त्याचा, उलटा लावला होता. गाड्यांवरची अक्षरं पालथी दिसत होती. दोन दिवस शेकडो कार्यकर्ते त्याच्यापुढे उभे राहून स्वतःचे फोटो काढून गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही. लाज वाटून घेऊ नका. १९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसचं एक कागदी कातरकामाचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. पण तिथे शेवटी एका बाईने ते ओळखलं आणि त्यांनी सुलटं केलं. मीही आपल्या कचेरीत जाऊन सांगितलं. उत्तर मिळालं, “साहेब दिसतायत ना, मग झालं.” त्या फोटोत आपण नव्हतातच.

दिव्यांचंही सांगून टाकते. कागदावरच्या चित्रावर उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवावा, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो, असा जगभरच्या संग्रहालयांचा शिरस्ता आहे. कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि आजचा उजेड कालच्यात मिळवला जातो, सावकाराच्या व्याजासारखा. आपल्या दालनात फोनवरच्या मीटरने मोजलं तर आकडा ९०० च्या पुढे. फोनचाच मीटर तो, शे-दोनशे इकडेतिकडे असतील. तरी काय? लग्नाच्या हॉलचे दिवे ते, लग्नाच्या हॉलच्या निविदेतूनच आले असावेत. पश्चिमेच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात ओल आली. तिथे चित्र लावलं तर काचेमागे बुरशी धरते. वातानुकूलन उद्घाटनाच्या दिवशी सुरू होतं. मला चांगलं आठवतं, कारण शाल आणली नाही म्हणून मी हळहळले होते.

आता आपल्या वेळापत्रकाबद्दल. मी रोज सकाळी दालनावरून फिरायला जाते आणि आत काय चाललंय ते घरच्या कॅलेंडरवर टिपते. उद्योग नाही दुसरा. गेल्या ३६५ दिवसांत त्या भिंतींवर चित्रं होती ४३ दिवस. आढावा बैठका, बक्षीस समारंभ, निवडणूक कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, कसलीशी शिबिरं यांना दीडशेच्या आसपास. उरलेले दिवस कुलूप. माझे चार-सहा दिवस चुकले असतील. चुकले असं वाटलं तर आपली नोंदवही दाखवा. दर महिन्याला होणारं प्रात्यक्षिक एकदाच झालं, आणि त्या चित्रकाराला अर्ध्यात थांबवलं, कारण प्रमुख पाहुणे लवकर आले. ओल्या कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकलेला असताना “दोन मिनिटं थांबा” म्हणतात! भाकरी तव्यावर टाकून बाईला सभेला बोलवा, तसं.

मला माहीत आहे, कोणीतरी म्हणेल, देशापुढे एवढे प्रश्न आणि बाईंना भिंतीचं पडलंय. त्यांच्यासाठी एक गोष्ट. पॅरिसचं लूव्र संग्रहालय सर्वसामान्यांसाठी उघडलं १० ऑगस्ट १७९३ ला. त्या वर्षी जानेवारीत राजाचं मुंडकं उडालं होतं, ऑक्टोबरमध्ये राणीचं उडायचं होतं, सरहद्दीवर लढाया चालू होत्या. त्या धामधुमीत त्यांनी दहा दिवसांचा आठवडा धरून वेळापत्रक लावलं: पाच दिवस चित्रकारांना, दोन साफसफाईला, तीन लोकांना. रस्त्यावर रक्त सांडत असताना त्यांना तारखा पाळता आल्या. आपल्याला वाढदिवसाच्या आठवड्यात पाळता येत नाहीत.

लांबचं नको असेल तर सातारा जिल्ह्यातलं औंध घ्या. एवढंसं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. राजा होता, मनात आणलं असतं तर भिंतभर स्वतःच्या तसबिरी लावल्या असत्या. आपण तर लोकशाहीतले, पाच वर्षांचे.

हे अंमळ जास्त झालं, पण खोडत नाही.

खरं दुखणं आपल्यापुरतं नाही, हेही मला कळतं. इमारत बांधायला पैसा निघतो, कारण इमारतीला ठेकेदार असतो. ग्रॅनाइट लागतो, कोनशिला लागते, कोनशिलेवर नावं लागतात. त्या इमारतीत वर्षभर काय लावायचं, कोणाला बोलवायचं, ओल आली तर कोणी बघायचं, याला माणूस लागतो, आणि माणसाचं पद मंजूर होत नाही. आपल्या दालनाला संचालक नाही, चित्रांतलं कळणारा साधा सहायकही नाही. किल्ली पाणीपट्टीच्या खिडकीवरच्या शिपायाकडे. तो सज्जन आहे, पण दुपारी दोनला खिडकी बंद झाली की तो जातो आणि दालनही जातं.

शाळांतही हेच. मी लागले तेव्हा आठवड्याला चित्रकलेचे चार तास होते. निवृत्त होताना दोन, आणि त्यांतला एक गणिताचे सर “जरा पोर्शन राहिलाय” म्हणून मागून न्यायचे. एलिमेंट्री-इंटरमिजिएटला अजूनही पोरं बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं घोकून. गुण मिळाले की रंगपेटी धाकट्याला. माझ्या जागी शाळेने कोणाला घेतलं नाही. खेळाचे सर चित्रकलाही बघतात. मग दालनात गर्दी नाही म्हणून तेच दालन बैठकांना द्यायला कारण मिळतं. पाणी तोडायचं आणि झाड वाळलं म्हणून जागा ताब्यात घ्यायची. आणि पुढाऱ्यांना कला लागते कधी? पाहुणे यायला उशीर झाला की मधल्या वेळात पोरी नाचवायला. ३१ वर्षं मी त्या पोरी रंगवून उभ्या केल्या आहेत, उन्हात, आपल्यासारख्यांची वाट बघत. कधी दोन तास, एकदा साडेचार. एकीला भोवळ आली होती. तेव्हा मी पत्र लिहिलं नाही. तेव्हा नोकरी होती.

मागण्या तीन आहेत. पहिली: दालनाचं वर्षाचं वेळापत्रक दारावर लावा, आणि एकदा दिलेली तारीख आपल्यासकट कोणालाही काढून घेता येणार नाही असा लेखी आदेश काढा. आपल्यासकट हा शब्द त्यात हवा. नुसतं “शक्यतो” नको; शक्यतोच्या जोरावर मी १४ महिने काढले. दुसरी: चित्रांतलं कळणारं एक माणूस तिथे नेमा. माझ्या ओळखीत आर्ट टीचर डिप्लोमा केलेली निदान वीस पोरं फ्लेक्सच्या दुकानांत आपल्यासारख्यांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसत बसली आहेत, त्यांतलं कोणीही चालेल. त्यांना गोरं करायला सांगतात, साहेब. आपल्यालाही केलंय, दालनातल्या फोटोत मान आणि चेहरा यांचा रंग जुळत नाही. सातवीतलं पोरही अशी चूक करत नाही.

अनामत परत मिळेल असं पत्र कचेरीने पाठवलंय. मूळ पावती घेऊन समक्ष यावं, तीन प्रतींत अर्ज करावा, आणि “प्रदर्शन अर्जदाराच्या कारणाने रद्द” या ओळीखाली सही करावी. मी सही केलेली नाही. करणारही नाही.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका

ता. क. तिसरी मागणी लिहायची राहिली. आपल्या प्रदर्शनाची मुदत संपून नऊ दिवस झाले, फोटो अजून तिथेच आहेत. उतरवतील तेव्हा हुक उपटून फेकू नयेत. ४० आहेत. पिशवीत घालून पाणीपट्टीच्या खिडकीवर ठेवावेत, दोनच्या आत येऊन मी ते घेऊन जाईन.