मीठ, कोळसा आणि तुमची गाडी

सावंतवाडी,
12 जानेवारी 2026

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

समीररावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तो तक्ता मी स्टँडजवळून प्रिंट काढून आणला. मोबाइलवर रकाने दिसत नाहीत मला. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काका, बीएमडब्ल्यू घेताय?" मी हो म्हणालो. म्हणायला काय जातं!

फोनवर हा विषय निघाला की तू बोलतेस, समीरराव मागून बोलतात आणि इथून तुझी आई विचारते की पुढची सीट उंच आहे का. कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून लिहितोय.

तक्ता चांगला केलाय. डावीकडे बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक आयएक्स वन, उजवीकडे हायब्रिड लेक्सस एनएक्स, खाली अधिक-उणे. इलेक्ट्रिकच्या उण्या बाजूला तीन ओळी आहेत. पहिली सोसायटीची, दुसरी बॅटरीची आणि तिसरीत नुसता एक शब्द: सावंतवाडी. पुढे ना खुलासा ना काही. चौतीस वर्षं मी वीज मंडळात काढली, वादळात खांबांवर चढलो आणि शेवटी माझंच घर विजेच्या गाडीच्या उण्या रकान्यात! राग आला असं नाही. पण दोन दिवस तो कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होतो.

आधी हायब्रिड. या शब्दाखाली बाजारात काहीही खपवतात. तुम्ही शोरूममध्ये मर्सिडीजची जीएलई आणि व्होल्वोची एक्ससी नाइन्टीही बघून आलात आणि त्यांच्यापुढेही समीररावांनी 'हायब्रिड' लिहिलंय. इथे मिळतात त्या गाड्या 48 व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड. म्हणजे इंजिनाला हातभार लावायला एक छोटी मोटर. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटक्यात उठवते, उचल घेताना जरा ढकलते, एवढंच. त्यांना साध्या इंजिनाच्याच गाड्या समज आणि खोडून टाक.

लेक्ससचं तसं नाही. ती खरी हायब्रिड. टोयोटाने 1997 मध्ये प्रियस काढली, त्याच घराण्यातली. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटरी आणि बॅटरी एक-दीड युनिटाची. कर्वे रोडच्या गर्दीत इंजिन अर्धा वेळ झोपलेलं असतं. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती ती साठवते आणि पुढच्या सिग्नलला वापरते. यंत्र म्हणून मला ती फार आवडते, कबूल करतो. पण तिला पिन लावायला जागाच नाही. आत येणारा प्रत्येक जूल पंपावरून येतो. म्हणजे पेट्रोल खाणारीच, फक्त सांडलवंड न करता खाणारी.

दोघींतला फरक बघायचा तर आपला आंबोली घाट बघ. माणसं, सामान आणि आईने दिलेल्या डब्या-बरण्या धरून गाडी अडीच टनांची होते. घाट ढोबळ सहाशे मीटरचा. तेवढं वजन तेवढं वर चढवायला चार युनिटं लागतात. कागदावर गुणाकार करून बघ. उतरताना यातला बराचसा भाग परत मिळवता येतो, पण ठेवायला भांडं पाहिजे. लेक्ससचं भांडं घाट संपायच्या आधीच काठोकाठ भरतं आणि मग इंजिन नुसतं घरघरत गाडी रोखत बसतं. आयएक्स वनची बॅटरी 66.4 युनिटांची, तिला ही चार युनिटं म्हणजे दाढेला. मात्र चौकुळ-आंबोलीला कुणाकडे मुक्काम करून शंभर टक्के चार्ज केलीत आणि तशीच खाली निघालात, तर तिच्याही भांड्यात जागा नसते. तेव्हा वरून निघताना नव्वदच्या आत ठेवायची.

आणि घाटात ते रीजनरेशन, म्हणजे वेग कमी होताना वीज परत साठवणं, एकदम कमीवर. पाय उचलला की गाडी खेचून धरते, चालवणाऱ्याला मजा येते, शेजारी बसलेल्याला मळमळतं. तुझ्या आईला साध्या एस्टीतसुद्धा दाणोलीच्या वर लिंबू लागतं, ते तुला माहीत आहे.

आता आयएक्स वन एका चार्जमध्ये 531 किलोमीटर जाते, तो आकडा. तो ज्या चाचणीतला आहे ती करणारी एआरएआय म्हणजे तुमचीच, तू रोज सकाळी फिरायला जातेस त्या टेकडीवरची. आकडा खोटा नाही, पण ती चाचणी बंदिस्त जागेत, ठरवून दिलेल्या संथ वेगांवर होते. समीररावांचा पाय त्यात धरलेला नाही. हायवेला शंभर किलोमीटरला अठरा युनिटं धर. पुणे ते कोल्हापूर 230 किलोमीटर, म्हणजे एकेचाळीस युनिटं गेली, पंचवीस उरली. पुढे आजऱ्यावरून इथपर्यंत सव्वाशे-एकशे तीस, शिवाय शेवटी उतार. गणितात बसतं. बसतं म्हणून करायचं मात्र नाही. पावसात रस्ता बंद होऊन गगनबावड्यावरून वळसा पडला तर काय? कोल्हापुरात मिसळीला तुम्ही थांबताच, तो पाऊण तास गाडीही खाईल. परतीला घाट चढायची चार युनिटं जास्त, म्हणजे वीस-बावीस किलोमीटर कमी धर.

टोलचं समीररावांनी चुकीचं लिहिलंय. इलेक्ट्रिकला टोलमाफी आहे ती मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, अटल सेतू आणि समृद्धीवर. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे केंद्राच्या रस्त्यावरचे नाके, तिथे खिशात हात घालावाच लागेल.

पैशांचं थोडक्यात. इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के, लेक्ससएवढ्या हायब्रिडला 40. राज्याचा वाहन कर हायब्रिडला पेट्रोलसारखाच लागतो, इलेक्ट्रिकला माफ. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिकना सहा टक्के लावायचं गेल्या वर्षी बजेटमध्ये आलं होतं, ते मागे घेतलं. तुझं महिन्याचं फिरणं तीन हॉस्पिटलं मिळून पंधराशे किलोमीटर. म्हणजे 270 युनिटं, दहा रुपयांनी धरली तरी सत्तावीसशे. पेट्रोलला नऊ-साडेनऊ हजार. पण बाळ, पन्नास लाखांची गाडी घेणाऱ्याने महिना सात हजार वाचतात म्हणून घेतली, असं कुणाला सांगू नये. लोक हसतात.

एक मात्र कर. चार्जरची वीज घरच्या मीटरवर घेऊ नकोस. दोन एसी आणि वर ही 270 युनिटं, की बिल पाचशेच्या वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतं. इलेक्ट्रिक वाहनांसाठी वेगळा वर्ग आहे, वेगळं मीटर मिळतं, तो अर्ज दे. केबल आर्मर्डच टाकायची, पाइपातून, आणि तुमच्या सोसायटीतल्या त्या आगीला घाबरणाऱ्या काकांना समोर उभं करून टाकायची. त्यांना माझ्याशी बोलायला सांग. तुमचं पार्किंग साधं जमिनीवरचं आहे म्हणून हे सगळं लिहितोय. तुझ्या नणंदेच्या इमारतीसारखी वर-खाली सरकणारी पाळण्यांची पार्किंग असती, तर डोळे मिटून लेक्सस घ्या म्हटलं असतं. ही गाडी रात्री कुठे झोपते त्यावरच तिचं सगळं अवलंबून.

वीज स्वच्छ असते वगैरे जाहिरातीत लिहितात, त्यावर माझा फारसा जीव नाही. आपल्या तारांत चंद्रपूर-कोराडीचा कोळसाही असतो आणि कोयनेचं पाणीही. पण पुण्याच्या सिग्नलला तुझ्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या तोंडावर धूर जाणार नाही, हे खरं. बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तेव्हा दुसऱ्या ओळीचीही फार काळजी नको.

राहिली तिसरी ओळ.

नाताळात शेजारच्या परबांचा मुलगा मुंबईहून विजेची गाडी घेऊन आला. पडवीतल्या सॉकेटला लावली तर चार्जरवर लाल दिवा. तो कंपनीला फोन करकरून दमला, मग त्याची आई मला हाक मारायला आली. माझं मल्टिमीटर घेऊन गेलो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 38 व्होल्ट! चार्जर बिचारा बरोबर सांगत होता. घराला अर्थिंग म्हणून जी सळई होती ती जांभ्यात हातभर ठोकलेली, भोवतीची माती खडखडीत कोरडी. फ्रिज, पंखे वर्षानुवर्षं असेच चालतात, कुणाला कळत नाही. ही गाडी मात्र आधी जमीन विचारते, मग वीज घेते.

घरी येऊन आपलं मोजलं. मंडळातल्या माणसाच्या घरचं अर्थिंग 22 ओहम, हवं पाचच्या आत. आईला सांगितलं नाही, तुला सांगतोय.

त्याच आठवड्यात खणायला घेतलं. विहिरीच्या बाजूला, जिथे कपडे धुतलेलं पाणी जातं तिथे. दोन हात माती, मग कातळ. गडी पहार मारून थकला, दुसऱ्या दिवशी दुसरा आणला. रस्त्याने जाणारे थांबून विचारत, "अण्णानू, घरात बाव असताना दुसरी बाव कित्याक खणतास?" नऊ फूट खाली गेलो. जीआयचा पाइप उभा केला, भोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, परत कोळसा. मिठाची तीन पोती बघून वाण्याला वाटलं मी मासे सुकवायचा धंदा काढलाय. वर चेंबर बांधून नरसाळं बसवलंय, उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. काल रीडिंग आलं 3.8. मे महिन्यात माती वाळली की पुन्हा मोजीन, पाचच्या वर गेलं तर दुसरा खड्डा.

पंधरा अँपियरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम तीन युनिटं जातात. रात्री नऊला लावली तर सकाळी घावणं होईपर्यंत तीसेक, म्हणजे दीडशे किलोमीटर. तुम्ही आलात की दोन रात्री राहताच, तेवढ्यात पोट भरतं. मोठा चार्जर बसवायचा तर थ्री फेज घ्यावं लागेल. मंजूर भार वाढवायचा अर्ज देऊन ठेवलाय. ऑफिसातल्या पोरांनी ओळखलं नाही मला, रांगेत उभं राहून दिला.

वीज जाते, हे मात्र नाकारत नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आपण कित्येक दिवस अंधारात होतो. अशा आठवड्यात टाकी भरलेली हायब्रिडच दारात हवी, समीररावांचं त्यात बरोबर आहे. पण तशा आठवड्यात तुम्ही पुण्यालाच थांबलेलं बरं. वर्षातून सात-आठ वेळा तुम्ही इकडे येता. त्यासाठी उरलेले तीनशेहून जास्त दिवस गर्दीत पेट्रोल जाळू नका. दुसरं काही कारण असेल तर हायब्रिड जरूर घ्या, गाडी उत्तम आहे.

तक्ता सोबत परत पाठवतोय. तिसऱ्या ओळीवर पेनाने काट मारलीय, शेजारी 3.8 लिहिलंय. समीररावांना विचारल्याचं सांग. हलवा पार्सलने वेगळा येतोय, पोचला की कळव.

आणि ती पुढची सीट उंच आहे का, ते अजून कुणीच सांगितलेलं नाही. आई विचारतेय.

तुझे,
बाबा