जाहिरातीत दुसऱ्याचे नाव किती वापरावे?

महोदय,

दुसऱ्या कंपनीचे नाव जाहिरातीत घेतले की नोटीस आलीच, असा एक समज आहे. नावातले एखादे अक्षर बदलले की कोणी काही करू शकत नाही, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत आणि त्यांचा फटका लहान व्यावसायिकांना बसतो, म्हणून हे पत्र.

ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) कायदा, १९९९ च्या कलम ३० प्रमाणे एखादी वस्तू अमुक कंपनीची आहे, किंवा आपला सुटा भाग तिच्या यंत्राला बसतो, हे सांगण्यासाठी त्या कंपनीचे नाव घेता येते. मात्र वापर प्रामाणिक आणि गरजेपुरता हवा. ‘अमुक कंपनीचे पंप दुरुस्त करून मिळतील’ हे चालते. तेच नाव घेऊन पुढे ‘सर्व्हिस सेंटर’ जोडले की गिऱ्हाईक दुकान कंपनीचेच समजते आणि कलम ३० चा आधार सुटतो. बहुतेक वेळा घोळ मजकुरापेक्षा मांडणीत होतो. डिझायनर नेटवरून लोगो उचलतो, कंपनीचेच रंग भरतो आणि दुकानाचे नाव तळाशी बारीक टाकतो. छपाईला देण्याआधी आपले नाव सर्वांत मोठे आहे ना, दुसऱ्याचे साध्या टाइपात, लोगोशिवाय आहे ना, एवढे तपासावे. ‘आमचा कंपनीशी संबंध नाही’ ही ओळही वाचता येईल अशा आकारात हवी.

स्पेलिंग बदलणे, आधी ‘न्यू’ लावणे, इंग्रजी नाव देवनागरीत लिहिणे, यांपैकी कशानेही सुटका होत नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बेसावध, नाव अर्धवट आठवणाऱ्या गिऱ्हाईकाच्या नजरेने पाहिले आणि दोन्ही नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. कलम २९(९) नुसार नाव नुसते उच्चारले तरी उल्लंघन होऊ शकते, त्यामुळे रिक्षावरच्या भोंग्यातली जाहिरातही यात येते.

तुलना करायला हरकत नाही. आपला माल सरस म्हणावे, दुसऱ्याचा टाकाऊ म्हणू नये.

स्वतःचे नाव ठरवताना ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. तो शब्दानुसार घ्यावा आणि उच्चारानुसारही. दुसरा प्रकार बहुतेक जण विसरतात. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत, पण आपल्या वर्गात नाव मोकळे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण नामवंत चिन्हांना इतर वर्गांतही संरक्षण मिळते. जीएसटी किंवा कंपनी नोंदणीत नाव मंजूर झाले म्हणजे ट्रेडमार्कचा हक्क मिळाला, असेही नाही. ‘टीएम’ ही अक्षरे नोंदणीआधी लावता येतात. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच.

वृत्तपत्रांच्या जाहिरात विभागांना आणि छपाईवाल्यांना एक विनंती. ‘अधिकृत’ हा शब्द असलेला मजकूर घेताना कंपनीचे पत्र मागावे. कलम २९(७) प्रमाणे, परवानगी नाही हे ठाऊक असताना दुसऱ्याचे चिन्ह जाहिरातीच्या साहित्यावर छापणाराही उल्लंघनाला जबाबदार धरला जातो.

आपले,
ट्रेडमार्क नोंदणीच्या कामातील काही वाचक