वीस पॉइंटांनी हरलेला संघ परत येतोय

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
गुरुवार, ३ मार्च २०२२

चि. तन्मय यास,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की कॉलेज बास्केटबॉलमध्ये ५ फेब्रुवारीला ड्यूक विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला त्यांच्याच कोर्टवर ८७-६७ असं धुतलं, मग परवा ड्यूकच्या कोर्टवर होणाऱ्या मॅचमध्ये बघायचं काय उरलंय? बरंच उरलंय. फक्त तू ८७-६७ या आकड्यावर अडकलायस, तो आधी जरा फोडून बघू.

त्या दिवशी सुरुवातीलाच ड्यूक ३१-८ पुढे गेलं. क्रिकेटमध्ये पहिल्या तासात पाच विकेट जाव्यात तसं. आता वजाबाकी कर. त्यानंतरच्या खेळात कॅरोलायनाचे पॉइंट झाले ५९ आणि ड्यूकचे ५६. आघाडीवरचा संघ थोडा सैल पडतो, त्यामुळे या तीन पॉइंटांना मी फार किंमत देत नाही. पण मॅच ४० मिनिटं एकतर्फी नव्हती, पहिल्या दहाएक मिनिटांतच निकालात निघाली होती, एवढं त्यावरून कळतं. या मोसमात कॅरोलायनाची खोडच ही आहे. केंटकीकडून २९ ने हार, मायामीकडून २८ ने, वेक फॉरेस्टकडून २२ ने, ड्यूककडून २०ने. एकूण आठ पराभवांतले चार असे. सुरुवात बिघडली की संघ सावरत नाही, सुरुवात बरी झाली की कोणालाही झुंजवतो.

ड्यूकचं नेमकं उलटं. २६ जिंकल्या, ४ हरल्या. ओहायो स्टेटकडून ५ ने, मायामीकडून २ ने, फ्लोरिडा स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये १ ने, व्हर्जिनियाकडून १ ने. चारही पराभवांचे मिळून नऊ पॉइंट! आणि मायामी, व्हर्जिनिया यांनी तर कॅमेरॉनमध्ये येऊन हरवलंय, म्हणजे परवा जिथे मॅच आहे तिथेच. गोन्झागाला ८४-८१ आणि वेकला ७६-७४ असं त्यांनी निसटतं हरवलंही आहे, तेव्हा शेवटी कच खाणारा संघ असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ड्यूकला हरवायचं तर शेवटची तीन मिनिटं बरोबरीत गाठायची, दुसरा रस्ता यंदा कोणाला सापडलेला नाही.

आता कोर्टवर काय होईल ते सांगतो. तू गार्ड खेळतोस, म्हणून तुझ्याच जागेपासून.

ड्यूकचा सेंटर मार्क विल्यम्स सात फुटी आहे. पिक-अँड-रोल म्हणजे बॉलवाल्या गार्डला अडवणाऱ्याच्या वाटेत साथीदार आडवा उभा राहतो (हीच स्क्रीन) आणि मग रिंगकडे धावतो. अशा वेळी विल्यम्स स्क्रीनपर्यंत वर येत नाही, मागे रिंगजवळ थांबतो. यालाच ड्रॉप म्हणतात. यात रिंग झाकली जाते, पण फ्री थ्रो लाइनच्या आसपास मोकळी जागा सुटते. फेब्रुवारीत कॅरोलायनाचे गार्ड आर. जे. डेव्हिस आणि केलेब लव्ह यांनी तिथे थांबून शॉट घ्यायला हवे होते. थेट आत घुसलं की विल्यम्सच्या हातात सापडणार हे उघड आहे. डेव्हिस सहा फुटी, पण दोन ड्रिबलवर उभं राहून शॉट मारण्यात पक्का. लव्हचं तसं नाही. तो एक दिवस अंगावर तीन माणसं घेऊनही टाकेल आणि दुसऱ्या दिवशी मोकळा असूनही चुकवेल. त्याला आवर घालणारा कोच अजून जन्मायचाय.

या स्क्रीनची खरी किल्ली कॅरोलायनाच्या ब्रेडी मॅनेककडे आहे. दाढीवाला, ६ फूट ९ इंच, ओक्लाहोमाहून पाचव्या वर्षासाठी आलेला, आणि तीन पॉइंटांच्या लाइनबाहेरून टाकणारा. स्क्रीन त्यांचा सेंटर अरमांडो बेकॉट याने लावली तर तो रिंगकडे धावतो आणि विल्यम्स आधीच तिथे उभा असतो. तीच स्क्रीन मॅनेकने लावून बाहेर सरकलं तर त्याच्यावरच्या माणसाला ठरवावं लागतं की बॉलकडे जायचं की मॅनेककडे. तो माणूस बहुतेक ड्यूकचा पाओलो बँकेरो असेल. बँकेरो पहिल्या वर्षाचा आहे, अंगाने तयार, डोक्याने हुशार, पण स्क्रीन आल्याची हाक साथीदाराला द्यायला अजून अर्धा क्षण उशीर करतो. आणि तो बाहेर ओढला गेला की आत बेकॉटला एकट्या विल्यम्सशी झुंजायला मिळतं. कॅरोलायनाचे कोच ह्यूबर्ट डेव्हिस या जोडीवर पहिल्यापासून खेळले तर ३१-८ परत होणार नाही. चूक कुठे होईल तेही सांगतो: बेकॉट अंगाला अंग लागायच्या आधीच सरकतो, त्यामुळे गार्डला अडवणारा माणूस अडकतच नाही, आणि मग ती स्क्रीन नुसती शोभेची राहते. तूही हेच करतोस, तुझ्या मागच्या व्हिडिओत दोनदा दिसलं.

दुसऱ्या बाजूला कॅरोलायनाची पंचाईत मोठी आहे. त्यांच्याकडे बाहेरचा एकच खरा डिफेंडर, लीकी ब्लॅक. ६ फूट ८ इंच, लांब हात. फेब्रुवारीत ड्यूकच्या ए. जे. ग्रिफिनने २७ पॉइंट टाकले. यंदा तीनच्या लाइनबाहेरून त्याचे शंभरात चाळिसाहून जास्त पडतात, म्हणजे त्याला सोडून मदतीला धावणं हा गुन्हाच. ब्लॅकला ग्रिफिनवर लावलं तर ६ फूट १० इंची बँकेरो मॅनेकच्या वाट्याला येतो, आणि मॅनेकचे पाय त्याच्यापुढे चालत नाहीत. ब्लॅकला बँकेरोवर लावलं तर ग्रिफिन लव्हच्या वाट्याला, म्हणजे देवाच्या हवाली. माझ्या मते ब्लॅक ग्रिफिनवरच हवा. बँकेरो आत घुसून दोन-दोन पॉइंट घेतो ते परवडतं, कोपऱ्यातले तीन-तीन परवडत नाहीत. फक्त एक पथ्य: बँकेरोला मदतीने अडवायचं ते वरच्या बाजूने. कोपऱ्यातला माणूस सोडून बेसलाइनने, म्हणजे रिंगमागच्या रेषेच्या बाजूने, गेलं की पास तिथेच सुटतो. ड्यूकचा वेंडेल मूर असे पास डोळे मिटूनही देईल.

आता नियम, कारण तू फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय, नियम डोक्यात ठेवून बघशील आणि गोंधळशील. इथे चार क्वार्टर नसतात, २० मिनिटांचे दोन हाफ असतात. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, २४ नाही, ३० सेकंदांची. आक्रमणाचा रिबाउंड, म्हणजे आपल्याच चुकलेल्या शॉटचा बॉल, परत मिळाला तर १४ ऐवजी २० सेकंद मिळतात. रिंगपुढचा रंगवलेला पट्टा तुमच्याकडे ४.९ मीटर रुंद, इथे १२ फूट, म्हणजे साडेतीन मीटरहून थोडा जास्त. हा फरक बेकॉटसाठी फार मोलाचा. या पट्ट्यात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही हा नियम पाळूनही तो रिंगच्या जवळ ठाण मांडू शकतो, फिबाच्या कोर्टवर त्याला दोनेक फूट लांब उभं राहावं लागलं असतं. तीनची लाइन मात्र तुमच्या इतकीच आहे, ६.७५ मीटर.

फाउलचंही वेगळं आहे. तुमच्याकडे क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून दोन फ्री थ्रो. इथे एका हाफमधल्या सातव्यापासून एक, तो पडला तरच दुसरा, आणि दहाव्यापासून सरळ दोन. म्हणून शेवटच्या चार मिनिटांत टीम फाउल किती झालेत हे स्कोअरइतकंच महत्त्वाचं. खेळाडू बाद होतो पाचव्या फाउलवर, तुमच्यासारखाच.

बेकॉटला पहिल्या हाफमध्ये दुसरा फाउल पडला तर कोच त्याला बसवणार, आणि तिथे मॅच फिरू शकते. तो बसला की मॅनेक सेंटर होतो, रिंगजवळ विल्यम्सला वर फेकलेला पास आणि डंक हे दर तिसऱ्या चालीला दिसू लागतं. कॅरोलायनाकडे बेंच जवळपास नाहीच. डॉसन गार्सिया जानेवारीत घरच्या अडचणीमुळे गेला, अँथनी हॅरिसही खेळत नाही. पाच जण आणि वरती पफ जॉन्सन, एवढाच खरा कारभार. १६ फेब्रुवारीला पिट्सबर्गकडून घरी हरल्यावर सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं होतं. तेव्हापासून याच पाच जणांनी व्हर्जिनिया टेक, लुईव्हिल, एन. सी. स्टेट आणि गेल्या सोमवारी ओव्हरटाइममध्ये सिराक्यूज अशा चार मॅच ओळीने काढल्यात.

पाच जण ४० मिनिटं कसे टिकतात? टीव्हीमुळे. प्रत्येक हाफमध्ये घड्याळात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्यावर जो पहिला खेळ थांबतो तिथे जाहिरातींचा टाइमआउट असतो, दोन-अडीच मिनिटांचा. म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये आठ वेळा फुकटचा दम. कोच त्याच्याआधी अर्धा-पाऊण मिनिट एखाद्याला बसवतात आणि टाइमआउट संपला की परत उतरवतात, म्हणजे एका मिनिटाच्या बदल्यात तीन मिनिटांची विश्रांती. हा हिशोब नीट बघ, शिकण्यासारखा आहे.

कॅमेरॉनबद्दल: १९४० सालचं दगडी बांधकाम, ९,३१४ माणसं मावतात. कॅरोलायनाचं चॅपल हिलमधलं डीन स्मिथ सेंटर याच्या दुपटीहून मोठं, पण आवाज इथला. कारण विद्यार्थी साइडलाइनला लागून उभे असतात, बॉल आत टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीला हात लागेल इतके जवळ. या मॅचसाठी ते जानेवारीपासून बाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. त्या वस्तीला ड्यूकचे कोच माइक शेशेव्स्की यांच्या नावाने शेशेव्स्कीव्हिल म्हणतात. एका तंबूमागे जास्तीत जास्त १२ जणांचा गट. रात्री कधीही भोंगा वाजतो आणि ठरलेली संख्या हजर लागते. एकदा चुकलं तर ताकीद, दुसऱ्यांदा चुकलं तर रांगेच्या शेपटाला. आपल्याकडून एम. एस.ला आलेल्या मुलांना मात्र या तंबूत जागा नाही, तो मान पदवीच्या विद्यार्थ्यांचा. एम. एस.वाल्यांची वेगळी सोडत सप्टेंबरमधल्या एका वीकेंडला निघते, हे अर्ध्या मुलांना ऑक्टोबरमध्ये कळतं.

लव्ह आणि डेव्हिस गेल्या वर्षी याच कोर्टवर ९१-८७ जिंकलेत, लव्हचे २५ पॉइंट होते. पण तेव्हा कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे तो अनुभव अर्धाच धर. परवा तर माइक शेशेव्स्कींची कॅमेरॉनमधली शेवटची मॅच. १९८० पासून तिथे असलेला माणूस, पाच राष्ट्रीय विजेतेपदं, आणि मॅचनंतर निरोपाचा कार्यक्रम. जुने खेळाडू गर्दी करतील. सगळे म्हणतात की या वातावरणात कॅरोलायना दबेल. मला उलटी शंका येते. ड्यूकचे बँकेरो, ग्रिफिन, कील्स १८-१९ वर्षांचे आहेत. कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटाच्या लीगचं, विजेतेपद मंगळवारीच पिट्सबर्गला हरवून त्यांच्या खिशात पडलंय. म्हणजे त्यांना या मॅचमध्ये निरोप सोडून मिळवायचं काहीच नाही, आणि दुसऱ्याच्या निरोपासाठी खेळणं जड जातं. कॅरोलायनाला मात्र १३ तारखेला राष्ट्रीय स्पर्धेची यादी लागण्याआधी एक मोठा विजय हवाच आहे. गंमत म्हणजे १९२० पासून भेटणारे हे दोन संघ त्या स्पर्धेत एकदाही समोरासमोर आलेले नाहीत.

इतकं लिहूनही माझा अंदाज ड्यूकच, पण सहा-सात पॉइंटांनी. वीसने नाही. आकाशी निळे, म्हणजे कॅरोलायना, जिंकले तर त्या रात्री चॅपल हिलच्या फ्रँकलिन स्ट्रीटवर पोरं शेकोट्यांवरून उड्या मारतील आणि तो रस्ता गाड्यांना बंद होईल. ड्यूकच्या डरहॅमपासून सोळा-सतरा किलोमीटर, एवढंच अंतर आहे दोन्ही गावांत.

आजीला व आई-बाबांना आमचा नमस्कार. पहाटे उठशील तेव्हा आवाज बंद ठेव.

तुझा,
काका

ता. क. इथे शनिवारी संध्याकाळी सहा, म्हणजे तुझ्याकडे रविवारी पहाटे साडेचार. पूर्ण बघणं जमलं नाही तर तीन वेळा स्कोअर बघ. पहिल्या हाफमध्ये १२ मिनिटं उरली असताना फरक पाचच्या आत आहे का. हाफटाइमला बेकॉटचे फाउल किती. आणि शेवटची चार मिनिटं उरताना ड्यूकचे टीम फाउल सातच्या पुढे गेलेत का. तिन्हींचं उत्तर कॅरोलायनाच्या बाजूने आलं तर माझा अंदाज विसर आणि मला लगेच फोन कर.